आधी पुष्पचक्र, मग तिरंगा, मग राष्ट्रगीत: हा क्रम आला कुठून?

जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन वाद हमखास पेटतात. पहिला, झेंडा यंदा कोणाच्या हस्ते. त्यावर कुठल्याही लेखाचा उपाय चालणार नाही. दुसरा जरा बरा आहे: हुतात्मा जवानांसाठी मौन पाळायचे ते राष्ट्रगीताच्या आधी की नंतर? कोणी म्हणतो, "आधी राष्ट्र, मग बाकी सगळे." कोणी म्हणतो, "ज्यांच्यामुळे झेंडा फडकतोय त्यांना आधी मान." मग कोणीतरी एखादे कलम चिकटवून देतो, आणि ते शोधायला गेलात तर बहुतेक वेळा सापडत नाही.

मौन, ध्वज आणि राष्ट्रगीत या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे नियम वेगळ्या ठिकाणी लिहिलेले आहेत, काही तर लिहिलेलेच नाहीत. पण त्या एकत्र येतात तेव्हा त्यांचा क्रम सहसा एकच असतो, आणि त्यामागे कारण आहे.

दिल्लीत काय घडते?

२६ जानेवारीचे संचलन टीव्हीवर पाहणारे बरेच जण चित्ररथांपासून पाहायला लागतात. त्याआधीचा अर्धा तास महत्त्वाचा. पंतप्रधान थेट कर्तव्यपथावरच्या व्यासपीठावर जात नाहीत. ते आधी इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात जातात, पुष्पचक्र वाहतात, मौन पाळतात. तिथून व्यासपीठाशी. मग राष्ट्रपती येतात, ध्वज उलगडला जातो, आणि त्या क्षणी राष्ट्रगीत आणि २१ तोफांची सलामी एकदमच सुरू होते. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे असते. पहिली तोफ पहिल्या सुरांबरोबर आणि शेवटची अखेरच्या सुरांबरोबर उडावी असा हिशेब बांधलेला असतो. पूर्वी यासाठी ब्रिटिश बनावटीच्या २५ पाउंडर तोफा असत; २०२३ पासून १०५ मिलिमीटरच्या भारतीय तोफा आल्या.

पुष्पचक्राची जागा मात्र बदलत गेली. १९७१ च्या युद्धानंतर इंडिया गेटच्या कमानीखाली अमर जवान ज्योती उभारली गेली आणि २६ जानेवारी १९७२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते तिचे अनावरण झाले. पुढे जवळपास पन्नास वर्षे प्रजासत्ताक दिनाची सुरुवात तिथेच होत होती. अडचण एवढीच की इंडिया गेट हे मुळात पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढून मेलेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक. भिंतीवर नावे त्यांची. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावे कोरलेले राष्ट्रीय स्मारक दिल्लीत नव्हतेच. ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. २०२० पासून पुष्पचक्र तिथे वाहिले जाते, आणि २१ जानेवारी २०२२ रोजी अमर जवान ज्योतीची ज्योत नव्या स्मारकाच्या ज्योतीत विलीन केली गेली. ज्योत हलवावी की नाही यावर तेव्हा बरीच हमरीतुमरी झाली. ज्योत विझवली असे काही म्हणाले, दोन ठिकाणी दोन ज्योती कशाला असे काही. माझ्या मते जिथे नावे आहेत तिथे पुष्पचक्र असावे हे पटण्यासारखे आहे, पण पन्नास वर्षांची सवय तोडताना लोकांना चुटपुट लागली तर तीही खोटी म्हणता येत नाही.

नवे स्मारक एकात एक अशा चार वर्तुळांचे आहे: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. नावे आहेत ती त्याग चक्रात, ग्रॅनाइटच्या विटांवर. पंचवीस हजारांहून अधिक.

उलटी धरलेली बंदूक

स्मारकावरचा विधी जेमतेम काही मिनिटांचा, पण त्यातली प्रत्येक हालचाल ठरलेली असते. तिन्ही दलांच्या जवानांची तुकडी उभी असते. पुष्पचक्र वाहिल्यावर तुकडीला आज्ञा होते, "सलामी शस्त्र". बंदुका सलामीच्या स्थितीत येतात. त्यानंतर दुसरी आज्ञा, "शोक शस्त्र". बंदूक उलटी होते, नळी जमिनीकडे जाते, हात दस्त्यावर टेकतात, माना खाली झुकतात. बिगुलवाले 'लास्ट पोस्ट' वाजवतात. मग मौन. मौन संपल्याची खूण म्हणजे दुसरी बिगुलधून, 'राउज'. ती ऐकताच माना वर, बंदुका पुन्हा सलामीत.

या दोन्ही धुना ब्रिटिश छावण्यांतून आलेल्या. 'लास्ट पोस्ट' म्हणजे रात्रीची शेवटची चौकी तपासून झाली, दिवस संपला. 'राउज' म्हणजे पहाट झाली, उठा. हुतात्म्यांसमोर त्या पाठोपाठ वाजवल्या की अर्थ आपोआप लागतो: त्यांचा दिवस संपला, तुमचा सुरू करा.

"ब्रिटिशांच्या धुना अजून कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. आपल्या सैन्यातल्या आज्ञा केव्हाच हिंदीत आल्या, बँडमध्ये भारतीय धुना शिरल्या. बिगुलाचे हे दोन पुकारे मात्र टिकले. ते टिकण्याचे कारण मला कामापुरते वाटते. बिगुल हे छावणीतले घड्याळ होते, आणि जवानाच्या कानाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अमर जवान ज्योतीवरही उलटी रायफल आणि तिच्यावर टेकवलेले शिरस्त्राण होते. मे २०२२ मध्ये ते युद्धस्मारकातल्या परमयोद्धा स्थळी हलवले, जिथे परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत.

मग शोक आधी का?

आता मूळ प्रश्न. याचे उत्तर एका छोट्या नियमात आहे: राष्ट्रध्वज कोणाहीपुढे झुकवायचा नाही. भारतीय ध्वजसंहिता, म्हणजे ध्वज कसा लावावा, उतरवावा, सांभाळावा याचे सरकारी नियम, २६ जानेवारी २००२ पासून लागू आहेत, आणि त्यात हे स्पष्ट लिहिले आहे. कुठल्याही व्यक्तीला किंवा वस्तूला मान देण्यासाठी तिरंगा खाली झुकत नाही. पलटणीचे निशान झुकते. मानवंदनेत राष्ट्रपतींसमोर ते जमिनीकडे नेले जाते. तिरंगा नाही.

म्हणजे एकीकडे शोक शस्त्र: मान खाली, नळी खाली. दुसरीकडे ध्वज: सगळे वर बघतात, मान ताठ, ध्वज झपकन वर चढलेला. (संहिता सांगते, चढवताना वेगाने, उतरवताना सावकाश आणि मानाने.) या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत. ध्वज फडकत असताना त्याच्यासमोर मान घालून उभे राहिलात तर तो ध्वजाचा मान होत नाही आणि हुतात्म्यांचाही नीट होत नाही. म्हणून शोक आधी पूर्ण करायचा, 'राउज' वाजू द्यायचा, आणि मगच ध्वजाकडे वळायचे.

आपल्याकडच्या लग्नघरात हे कळायला सोपे जाते. अनेक घरांत देवक बसवण्याच्या सुमाराला नांदीश्राद्ध करतात. गेलेल्या पिढ्यांना आधी आठवायचे, त्यांचा मान द्यायचा, आणि ते झाले की मंगलकार्य सुरू. एकदा नांदीश्राद्ध झाले की पुढे सोयर-सुतकही कार्याला आडवे येत नाही, असे जुनी माणसे सांगतात. पितर विसरले जाऊ नयेत आणि मंडपातही रडारड नको, या दोन्ही गरजा त्या एका क्रमाने भागतात.

ध्वज अर्ध्यावर उतरवण्याचे नियम पाहिले की हे आणखी पक्के होते. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता आणि देशभर ध्वज अर्ध्यावर होते. पण अशी मृत्यूची बातमी २६ जानेवारी, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरला आली, तर ध्वज अर्ध्यावर येत नाही. फक्त ज्या इमारतीत पार्थिव ठेवले असेल तिथला ध्वज खाली येतो, आणि पार्थिव हलवले की तोही पुन्हा टोकाला जातो. या यादीत ६ ते १३ एप्रिलचा राष्ट्रीय सप्ताहही आहे, आणि तो जालियनवाला बागेतल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थच पाळायचा असतो. हुतात्म्यांच्या आठवड्यातही ध्वज पूर्ण उंचीवर. आणखी एक बारकावा: अर्ध्यावर लावायचा ध्वजही आधी टोकापर्यंत चढवून मगच खाली आणतात. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा एकदा टोकाला नेऊन.

हे कायद्यात लिहिले आहे का?

सगळे एका जागी, नाही. आणि इथेच व्हॉट्सअ‍ॅपवरची कलमे फसतात.

इथे लागू पडणारा मुख्य कायदा म्हणजे राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा. ध्वज जाळणे, फाडणे, तुडवणे, किंवा चालू राष्ट्रगीत मुद्दाम थांबवणे, राष्ट्रगीत म्हणणाऱ्या जमावात गोंधळ घालणे, हे त्यात गुन्हे आहेत आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही. मौन आधी की नंतर, यावर हा कायदा एक शब्द बोलत नाही.

दुसरी ध्वजसंहिता. तिच्यात शाळांसाठी क्रम चक्क लिहून दिलेला आहे: मुले तीन बाजूंनी रांगा करून उभी राहतील, ध्वज उलगडेल, ध्वजाला सलामी, त्यानंतर राष्ट्रगीत, आणि प्रतिज्ञा असेल तर ती राष्ट्रगीतानंतर. राष्ट्रगीत होईपर्यंत सगळे सावधान स्थितीत. म्हणजे ध्वज आधी, राष्ट्रगीत मग, एवढा भाग लिखित आहे. दोन्ही देशात आले तेही त्याच क्रमाने, पण तो निव्वळ योगायोग: ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला, राष्ट्रगीत २४ जानेवारी १९५० रोजी.

तिसरे, राष्ट्रगीत कधी वाजवावे याचे केंद्रीय गृह मंत्रालयाचे आदेश.

हुतात्म्यांना आधी वंदन हा भाग या तिन्हींत नाही. तो शिष्टाचाराचा आणि लष्करी परंपरेचा आहे. १५ ऑगस्टलाही तो दिसतो: पंतप्रधान आधी राजघाटावर गांधीजींच्या समाधीला वंदन करतात, मग लाल किल्ल्यावर जाऊन ध्वज चढवतात. मौनाची एक सरकारी वेळ मात्र ठरलेली आहे. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटे काम थांबवून स्तब्ध उभे राहावे अशा सूचना आहेत. किती कचेऱ्यांत ते खरोखर घडते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

"मी हात वर करून सॅल्यूट केला नाही तर?"

काही होत नाही. संहितेनुसार ध्वज चढत वा उतरत असताना सगळ्यांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहायचे. सलामी देणे गणवेशातल्यांचे काम. साध्या कपड्यांतल्या माणसाने ताठ उभे राहणे पुरेसे आहे. शेजाऱ्याचा हात कपाळाला लागला नाही म्हणून त्याच्याकडे डोळे वटारण्याचे कारण नाही. तेवढ्यात तुमचे तोंड ध्वजाकडून शेजाऱ्याकडे वळलेले असते.

"आणि जो राष्ट्रगीत म्हणत नाही तो?" यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा निकाल आहे. केरळमधल्या एका शाळेतली तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे म्हणत नसत. शाळेने काढून टाकले. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले: म्हणण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आदराने उभे राहणे हा अवमान नव्हे.

चित्रपटगृहांचा गोंधळ बहुतेकांना आठवत असेल. ३० नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाआधी राष्ट्रगीत सक्तीचे केले, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ते ऐच्छिक केले. महाराष्ट्रात ही प्रथा त्याच्या कितीतरी आधी, २००३ पासून आहे. लावले असेल तर उभे राहायचे. अपंगत्वामुळे ज्यांना उभे राहता येत नाही त्यांना अर्थातच सूट. चित्रपटाच्या आत कथेचा भाग म्हणून राष्ट्रगीत वाजले तर मात्र उभे राहणे अपेक्षित नाही, कारण त्याने खेळात अडथळाच येतो, असे गृह मंत्रालयाच्या आदेशातच म्हटले आहे.

"नेता गेला की ध्वज अर्ध्यावर, जवान गेला की नाही. हा कुठला न्याय?"

हा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो झटकून टाकू नये. ध्वज अर्ध्यावर उतरवणे हे पदाशी बांधलेले आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान यांच्यासाठी देशभर, मुख्यमंत्र्यांसाठी त्यांच्या राज्यात, अशी यादी आहे; इतरांसाठी सरकार वेळोवेळी ठरवते. जवानाला वीरमरण आले म्हणून देशातले ध्वज आपोआप खाली येत नाहीत.

त्याला मिळते ते दुसरे काही. तिरंगा कशावरही पांघरता येत नाही. मोटारीच्या टपावर नाही, टेबलावर नाही, पुतळ्यावर नाही. अपवाद एकच: शासकीय इतमामातले, सैन्यदलांतले किंवा केंद्रीय निमलष्करी दलांतले अंत्यसंस्कार. शवपेटीवर किंवा तिरडीवर ध्वज घालताना केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो. अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात, कारण तो चितेत जाळायचा नाही आणि थडग्यातही पुरायचा नाही. घडी घालून तो वीरपत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती देण्याची रीत आहे. सातारा, कोल्हापूर, बुलढाण्याकडच्या गावांत हे दृश्य अनेकांनी समोर उभे राहून पाहिले आहे.

म्हणजे एकासाठी ध्वज अर्धा खाली येतो आणि दुसऱ्याच्या तो अंगावर येतो. यातला मोठा मान कोणता, हे मी ठरवणार नाही. पण जवानाला ध्वजाचा मान मिळत नाही हे म्हणणे खरे नाही.

इथेच आणखी एक घोळ निस्तरून टाकू. अंत्यसंस्काराच्या वेळी हवेत बंदुकीच्या फैरी झाडतात, साधारणपणे तीन. बातम्यांत त्याला सर्रास "२१ तोफांची सलामी" म्हणतात. ती ही नव्हे.

मुंबईतला १ मे

या क्रमासाठी दिल्लीला जायची गरज नाही. महाराष्ट्र दिनाला सकाळी मुख्यमंत्री आधी फोर्टमधल्या हुतात्मा चौकात जातात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ झालेल्या गोळीबारात आणि नंतरही जे गेले, त्यांच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहतात. त्यानंतर शिवाजी पार्कवर राज्यपालांच्या हस्ते ध्वज चढतो, राष्ट्रगीत होते, संचलन होते. हे हुतात्मे सैनिक नव्हते, सरकारच्याच गोळ्यांनी गेलेले नागरिक होते. क्रम मात्र तोच ठेवला आहे.

राष्ट्रगीतानंतर एक नाव

मौनात नाव घेत नाहीत. ती दोन मिनिटे सगळ्यांची, ज्यांचे नाव गावाबाहेर कोणाला ठाऊक नाही त्यांचीही. एकेका माणसाचे नाव येते ते राष्ट्रगीतानंतर, शौर्यपदकांच्या वेळी. २६ जानेवारी २००९ च्या समारंभात अशोक चक्राच्या मरणोत्तर मानकऱ्यांमध्ये मुंबईवरच्या हल्ल्यात कामी आलेले हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि साताऱ्याच्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ही नावे होती. ओंबळ्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातात धरून ठेवली होती, म्हणून तो जिवंत सापडला. पदके देणाऱ्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील जळगावच्या. त्या दिवशी कर्तव्यपथावर, तेव्हाच्या राजपथावर, मराठी घरांतल्या बायका एकामागून एक पुढे येत होत्या.

तर सोसायटीत काय करायचे?

कोणी शिक्षा करणार नाही, हे आधी सांगून टाकतो. मौन नंतर घेतलेत तरी गुन्हा होत नाही. पण राष्ट्रगीत संपले की लोक मनाने पांगलेले असतात. मुले जिलबीच्या टेबलाकडे, कोणी गाडी काढायला. त्यात कोणीतरी माइकवर "दोन मिनिटे शांत राहा" म्हणते आणि ते मौन वीस सेकंदांत आटोपते. म्हणून ते सुरुवातीलाच घ्या.

मौन सुरू झाले आणि संपले, हे कोणीतरी स्पष्ट सांगावे. बिगुल नसला तरी एक शिट्टी किंवा "सावधान" पुरते. घड्याळ हातात असलेला माणूस एकच असू द्या. दोन मिनिटे खूप मोठी वाटतात आणि सगळ्यांनाच ती आवरती घ्यायचा मोह होतो. एक मिनिटच ठेवायचे असेल तर तसे सांगून एकच ठेवा. मौन चालू असताना ध्वजाच्या दोरीला हात लावू नका. ध्वज उलगडल्यावर राष्ट्रगीत लगेच, मधे भाषण नको. दोरी अडकली तर थांबा, राष्ट्रगीत रेटू नका. ध्वजात फुले बांधायला हरकत नाही, संहितेत उलगडण्याआधी पाकळ्या ठेवण्याची मुभा आहे. ध्वज खादीचाच हवा ही अटही आता नाही. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचा आणि यंत्रावर विणलेलाही चालतो. जुलै २०२२ पासून तो घरावर रात्रीही ठेवता येतो, पण फाटका किंवा मळका झाला तर उतरवायचाच. कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. खासगीत, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करायचा. मैदानात पडलेले कागदी झेंडे गोळा करण्याचे काम मात्र कार्यक्रमाच्या आधीच कोणाला तरी नेमून द्या, नाहीतर दुपारपर्यंत तिथे कोणी नसते.